अहवालात नसलेली फुलं

नाहूर, २ मार्च २०२५

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. सोलर कंपनीसाठी जमिनी मोजत वाळवंटभर फिरतेस, तरी बापासाठी झाडापाशी बसून त्याचं वर्णन लिहितेस, याचं तुझ्या आईला, आमच्या सोनूबाईंना, भारी कौतुक. फोनवरच्या फोटोत मला जीव दिसत नाही. तू लिहिलंस की हात चालतो. जन्मभर पाट्या रंगवल्या, आता फुलं! फोगाच्या झुडपाचा फिका गुलाबी साधला. त्या दुसऱ्या झुडपाच्या, लाण्याच्या, मांसल कांड्या मात्र तीनदा पुसल्या. थोराचं फूल काट्यांत नेमकं कुठे येतं, ते बघून कळव. उन्हात डोकं झाकत जा, बये.
तुझा बाबा, गुणाजी

जैसलमेर, ११ मार्च

ती. बाबांस,
सविनय जयभीम. थोराची फुलं शेंड्याकडे, काट्यांच्या जोडीला लागूनच येतात, बारीक, लालसर. बघायला वाकले आणि रडू आलं. बाबा, या जमिनीचा अहवाल मी महिन्यापूर्वीच दिलाय. झाडोऱ्याच्या रकान्यात 'काही नाही' लिहून सही केली. सगळे तसंच लिहितात, असं साहेब म्हणाले होते. मी गाडीतून उतरलेही नव्हते. तुमच्यासाठी बघायला लागले ते नंतर. आता तिथे सगळं साफ करून पॅनल बसतील. अहवाल मागे घेतला तर नोकरी जाईल. काय करू?
तुमची रश्मी

नाहूर, १८ मार्च

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम. रागावलो, खोटं कशाला बोलू? मग स्वतःवरच रागावलो. तू दोन वर्षांची असताना आपली झोपडी पाडली, हे तुला ठाऊक आहे. त्याआधी तिथे पाटी लागली होती, 'मोकळा भूखंड'. आत चाळीस घरं होती. तुझी आई तुला कडेवर घेऊन त्या पाटीसमोरच उभी होती. ती पाटी माझ्या हातची, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. दुकानात ऑर्डर आली, रंगवून दिली. कुठे लावणार, हे विचारलं नाही. अक्षर झकास आलं होतं.
नोकरीचं तू ठरव. घरी आलीस तर दोन घास कमी पडणार नाहीत.
तुझा बाबा

जैसलमेर, २७ मार्च

ती. बाबांस,
सविनय जयभीम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोमवारी अहवाल मागे घेतला. नव्यात तुम्ही रंगवलेलं एकेक झाड नावानिशी लिहिलंय. साहेबांनी मला कामावरून काढलं. माझ्या जागी परवा दुसरा माणूस येतोय. तो बरोबर लिहील, असं मला ऐकवलं.
म्हणून लगेच घरी येत नाही. परवा त्या माणसाला गाडीतून उतरवून पायी नेणार आहे. प्रत्येक झाडापाशी बसवणार आहे. मग त्याने काय लिहायचं ते लिहावं.
आईला सांभाळा. राग निवला असेल, तर माझ्यावर लोभ असू द्या.
तुमची रश्मी