‘मॅरिगोल्ड’च्या डेकवरचा माणूस

अल नहदा, शारजा
बुधवार

प्रिय कुलसुम,

सलाम. पाकीट बघून तू आधी घाबरशील. दीड तासाच्या रस्त्यावर राहणाऱ्या बहिणीला कुणी हाताने लिहिलेलं पत्र कुरिअरने पाठवत नाही. पाठवलंच तर वकील पाठवतो. घाबरू नकोस. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरतेस आणि माझं निम्मं बोलणं कुकर ऐकतो. व्हॉट्सअ‍ॅप केलं असतं, तर पाच मिनिटांत ते फॅमिली ग्रुपवर गेलं असतं आणि कुणीतरी त्याखाली गुलाबाचं फूल टाकलं असतं. पत्र फॉरवर्ड होत नाही, एवढाच त्याचा गुण. फक्त शुक्रवारच्या आत वाच. जुम्म्यानंतर शाहबाजचे आईवडील मागणी घेऊन खलिफा सिटीला तुझ्याकडे चहाला येणार आहेत. चहा पाजून त्यांना नकार द्यायचा तू ठरवलं आहेस, हे तू मला काल सांगितलंस. तुझ्या मुलीला सांगितलेलं नाहीस. अलिनाचा मला रोज एक मेसेज येतो, ‘मामू, प्लीज टॉक टु मॉम.’ तर हे टॉक आहे, असं समज.

आधी माझी खबर. दुकान चालू आहे. बाहेर पाटी ‘डिजिटल इमेजिंग सोल्युशन्स’, आत मी, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर. लोक जुने फोटो घेऊन येतात. कुणाला वारलेल्या वडिलांना मुलाच्या निकाहच्या फोटोत उभं करायचं असतं, कुणाला घटस्फोट झालेल्या वहिनीला तिथून काढायचं असतं. माणसं आत घ्यायची, माणसं बाहेर काढायची. इमिग्रेशनसारखंच काम आहे, फक्त शिक्का नाही. गेल्या महिन्यात मात्र मोठी ऑर्डर आली. जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस असलेली एक कंपनी मरीनाजवळ नवा टॉवर बांधते आहे. लॉबीची थीम ‘यॉटिंग, सुमारे एकोणीसशे’. म्हणजे खाली भिंतभर जुन्या शिडाच्या आणि वाफेच्या यॉटींचे फोटो लावायचे, म्हणजे वरचा वन बीएचके आपोआप खानदानी होतो.

कंपनीकडून वरद नावाचा पुण्याचा मुलगा आला, मॅनेजर आहे. त्याने लिलावात घेतलेलं एक लाकडी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. आत काचेच्या बेचाळीस निगेटिव्ह, प्रत्येक जवळजवळ आपल्या पोळपाटाएवढी. कुणा इंग्रज फोटोग्राफरच्या आहेत. त्याचं नाव खोक्यावर नाही, पण कामावरून माणूस कळतो. काही काचा विलायतेतल्या शर्यतींच्या, काही मुंबई बंदरातल्या. हा मनुष्य छोट्या होडीत उभा राहायचा, दोन्ही हातांत पेटीएवढा कॅमेरा, आणि शटरचा रबरी फुगा दातांत. समोरून शंभर फुटी शिडाची यॉट अंगावर यायची, आणि नेमक्या क्षणी हा तो फुगा चावायचा. एक काच, एक चावा. चुकला तर यॉट पुढे गेली, खलास. आम्ही आज एका केकचे दोनशे फोटो काढतो आणि त्यातला एकही धड नसतो.

बेचाळीसपैकी एका काचेवर फक्त ढग होते. बोट नाही, पाणी नाही, नुसते ढग. मला हसू आलं. त्या काळच्या काचेवर आकाश उमटायचं नाही, पांढरंफट्ट यायचं, म्हणून हे लोक ढगांची वेगळी काच बाळगायचे आणि छापताना वरून ढग बसवायचे. खोक्यात काही जुने छापील फोटोही होते. विलायतेच्या शर्यतीवर जो ढग, तोच मुंबई बंदरावर. डोळ्यांत भरेल असा, ससाण्यासारखा ढग, पाच हजार मैल प्रवास करून आलेला, व्हिसाशिवाय. आणि आपण म्हणतो, पूर्वीचे फोटो खरे असायचे.

वरदची सूचना साधी होती. ‘अन्वरसर, डेक क्लीन पाहिजे. क्रू रिमूव्ह करा. रेसिडेंट्सना फील आला पाहिजे.’ मी विचारलं, ‘अरे, क्रू काढला तर बोट चालवणार कोण?’ तो म्हणाला, ‘सर, लॉबीत कुठे चालवायची आहे? यल्ला, दोन आठवड्यांत द्या.’ मुद्दा बिनतोड होता. मग दोन आठवडे मी खलाशी पुसत बसलो. दोर ओढणारे, शिडाला लोंबकळणारे, पितळ घासणारे. एक माणूस पुसला की त्याच्या हातातला दोर हवेत उरतो, मग तो पुसायचा. मग दोराला बांधलेलं शीड का फुगलंय, ते कुणी विचारत नाही. बहुतेक माणसं आपलीच होती, कुलसुम. रत्नागिरीची, रायगडची. लुंगी कशी खोचली आहे ते बघून तालुका सांगता येतो.

सत्ताविसावी काच मी दिव्यावर ठेवली ती परवा, सोमवारी दुपारी. काठावर शाईने लिहिलेलं: ‘मॅरिगोल्ड, मुंबई, १९०९’. वाफेवर चालणारी यॉट. फोटोग्राफर या वेळी बोटीवरच चढलेला. पुढे वेताच्या खुर्च्यांवर साहेब, दोन मडमा आणि एक कुत्रा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढऱ्या सुटातला साहेब कोळशासारखा काळा, मडमा काळ्या, कुत्राही काळा. आणि मागे, बॉयलरच्या खोलीतून वर येण्याचं जे भोक असतं त्याच्या तोंडाशी, अख्ख्या काचेत एकच माणूस लख्ख उजळलेला. डोक्यापासून पायापर्यंत कोळसा माखला असेल तरच निगेटिव्हवर माणूस इतका गोरा दिसतो. जरा हवा खायला वर आलेला. कमरेपर्यंत उघडा, गळ्यात घाम पुसायचा कपडा, आणि समोर उभं धरलेलं फावडं, मुठीवर दोन्ही हात टेकलेले. शेजारी कठड्यावर टांगलेला, बुडणाऱ्याला फेकायचा गोल तरंगा, त्यावर बोटीचं नाव.

मी स्कॅन केलं, उलटं सुलटं केलं आणि तो माणूस मोठा केला. डाव्या भुवईत खाच होती. अब्बांना होती ती, मला आहे ती, अलिना रोज पेन्सिलीने भरते ती.

आता तुझ्या हॉलमध्ये जा आणि सोफ्याच्या वरच्या भिंतीकडे बघ. गावच्या घरातला फोटो तू मोठा करून सोनेरी फ्रेममध्ये लावला आहेस, तो. आपले पणजोबा, छातीपर्यंत, उघड्या अंगाने, अब्बांच्या शब्दांत ‘उन्हाने रापलेले’. गळ्यात साखळी, साखळीला चांदीची शिटी, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम, सारंग. खाली मुठीत धरलेला गोल लाकडी दांडा, जो आपण लहानपणापासून सुकाणूचा समजत आलो. बाजूला तरंग्याचा तुकडा आणि त्यावर अर्धी अक्षरं, ‘गोल्ड’. त्यावरून अब्बा पाहुण्यांना सांगायचे की बोटीचं नावच ‘गोल्ड’ होतं, आमच्या आजोबांनी शिटी वाजवली की चाळीस माणसं हलायची. अब्बांना दोष देत नाही. त्यांना जेवढा फोटो मिळाला, तेवढ्याचा इतिहास त्यांनी सांगितला. कात्री त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत चालवून घेतली होती. फावड्याचं पातं कापलं, मूठ ठेवली.

आणि त्या मुठीच्या जोरावर आपण घराणं चालवलं. सारंगाचं घर. सारंगाची मुलगी आगवाल्याच्या घरी देत नाहीत, हे मला कधी कुणी शिकवलं नाही. फोटोखाली बसून ते आपोआप कळायचं. खैरुद्दीनचे आईवडील तुझ्यासाठी आले तेव्हा त्याच फोटोखाली बसले होते. पोरगा बँकेत होता, तुला पसंत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. त्याचे आजोबा मोठ्या जहाजांवर आगवाले, भट्टीत कोळसा टाकणारे. अब्बा नुसते खाकरत होते. मग मी बोललो. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मुंबईत राहून जीभ परजून आलो होतो. ‘चाचा, तुमचा मुलगा चांगला आहे, पण तुमच्या नखांतला कोळसा अजून निघालेला नाही.’ खैरुद्दीनच्या वडिलांनी कप बशीत ठेवला आणि स्वतःच्या नखांकडे पाहिलं. ते शाळामास्तर होते. नखांत खडू असेल फार तर.

ते वाक्य फार गाजलं. लग्नाकार्यात अजून कुणी ना कुणी मला ऐकवतं, ‘काय बोलला होतास रे अन्वर!’ लेखकाला एवढा आयुष्यभर पुरणारा हशा मिळत नाही. तू आतल्या खोलीत होतीस. बाहेर आलीस, कप गोळा केलेस, धुतलेस. त्यानंतर वर्षाने तुझं लग्न झालं आणि तुझं वाईट झालं, असंही म्हणता येत नाही. दुलाभाई सज्जन आहेत, एसीच्या रिमोटशिवाय त्यांचं कशाशी भांडण नाही. पण तू माझ्याशी तेव्हापासून फक्त कामाचं बोलतेस, आणि एकोणतीस वर्षांत आपल्याला काम फारसं निघालेलं नाही.

मग काल तुझा फोन आला. शाहबाजबद्दल तू सगळं चांगलंच सांगितलंस. इंजिनियर आहे, नमाजी आहे, अलिनाशी हसून बोलतो. आणि मग म्हणालीस, ‘पण भाई, बाप ड्राय डॉकमध्ये बोटींची बुडं खरवडायचा. त्यांच्या नखांतला गंज अजून निघालेला नाही.’ मागे कुकरची शिटी झाली. मी काहीतरी हूं म्हणालो. माझंच वाक्य, कुलसुम. कोळसा काढून गंज घातलास एवढंच. आम्ही धंद्यात याला रिटचिंग म्हणतो.

वरदचं काम मी आज सकाळी देऊन टाकलं. तू विचारशील म्हणून सांगतो: हो, सत्ताविसावी काचसुद्धा साफ करून दिली. पणजोबांना पुसायला चार मिनिटं लागली, फावड्याला एक. साहेब, मडमा आणि कुत्रा मरीनाच्या लॉबीत राहतील आणि वन बीएचकेवाले त्यांच्याशी नातं जोडतील. मी काही क्रांती केली नाही. पण काढायच्या आधी एक प्रिंट मारून ठेवला होता. न कापलेला, न पुसलेला, काठावरच्या शाईसकट. तो या पाकिटात पुठ्ठ्याच्या मधे आहे. दुमडू नकोस.

आता, तू शिटीचं विचारशील. प्रिंट उघडून पहिल्यांदा तेच शोधशील, मला माहीत आहे. प्रिंटमध्ये शिटी नाही. साखळीही नाही, नुसता घामाचा कपडा आहे. शिटी नंतर ब्रशने रंगवलेली आहे, तीन केसांच्या ब्रशने, उत्तम काम. आणि हे मला पहिल्यांदा सोमवारी कळलं असतं, तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. फोन करून हसलो असतो. मला ते खैरुद्दीनच्या आधीच्या ईदला कळलं होतं. फ्रेमची काच तडकली होती, आठवतं? मी फोटो बाहेर काढला आणि खिडकीशी तिरपा धरला. तेव्हा मी डोंगरीच्या स्टुडिओत रिटचिंग शिकत होतो, दिवसभर तेच करायचो. कागदावर वर बसलेला रंग उजेडात चमकतो, तो मला न दिसणं शक्य नव्हतं. तू शेजारी रिकामी फ्रेम धरून उभी होतीस. म्हणालीस, ‘काय बघतोस एवढं?’ मी म्हणालो, ‘काही नाही, धूळ आहे.’ मी फोटो परत आत घातला, आणि तीन महिन्यांनी त्याच्याखाली बसून ते वाक्य बोललो. माहीत असून बोललो, कारण वाक्य चांगलं होतं. माफी मागायची रीत मला नीट येत नाही, मागितली तर त्यातही मी शब्द घासत बसेन. म्हणून एवढंच: शुक्रवारी मी जुम्म्याच्या आधी, अकराला येतोय. स्क्रूड्रायव्हर आणतो. तुझी ती सोनेरी फ्रेम जड आहे, उतरवायला दोन माणसं लागतात. नको असेल तर दार उघडू नकोस, मी दुसरा प्रिंट मारून आणेन, तो घेऊन खाली गाडीत बसेन आणि शाहबाजचे वडील आले की तो त्यांना दाखवेन. पण तू उघडलंस, तर फ्रेम तू धर. या वेळी विचारलंस काय बघतोस, तर खरं सांगेन.

तुझाच,
अन्वरभाई