अण्णांचे सार्थ अंक

मांजलपूर, बडोदे
१६ सप्टेंबर १९९७

चि. तन्मय यास,
कांचनताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारलंस आणि मी नेहमीसारखी "हो" म्हणाले. फोन अण्णांच्या खुर्चीला लागूनच आहे, तिथे मोकळेपणाने बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

इकडे सोसायटीच्या चौकात गरब्याच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत. ह्यांची रिफायनरीतली पाळी पुन्हा बदलली, या आठवड्यात दुपारची आहे. शेजारच्या मंदाकाकूंची नात ओवी आठवते का? तू शिकागोला गेलास तेव्हा फ्रॉक घालून आपल्या ओट्यावर सागरगोटे खेळायची. ती आता अकरावी सायन्सला गेली. अण्णा तिला फिजिक्स शिकवतात. फी घेत नाहीत, पण मंदाकाकूंकडून लिंबाचं लोणचं येतं आणि ते मात्र अण्णा नाही म्हणत नाहीत.

त्यांचा शिकवण्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला, की मला नागरवाड्यातली आपली मधली खोली आठवते. तुला घरात नवा कॅल्क्युलेटर आला तो दिवस आठवतो का रे? तू फूटपट्टीने टेबल मोजलंस, तीन सारखे भाग पाडायला कॅल्क्युलेटरवर भागाकार केलास आणि ४२.६६६६६६ असा आकडा मोठ्या ऐटीत अण्णांसमोर धरलास. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. मग पट्टी हातात घेतली.

"या पट्टीवर मिलिमीटरच्या पुढे रेघ आहे का?"

"नाही."

"मग पट्टीला दिसलं नाही ते तुला कुठून दिसलं?"

तू रडकुंडीला आलास. तेव्हा त्यांनी तुला जवळ घेऊन सार्थ अंक समजावून सांगितले. जेवढं खरोखर मोजलंय तेवढेच आकडे लिहायचे, पुढचे आकडे म्हणजे नुसती बढाई. कॉलेजात तीस वर्षं मुलांना हेच सांगितलं त्यांनी. प्रॅक्टिकलच्या वहीत जास्तीचे आकडे दिसले की लाल पेन्सिलीने उडवायचे. आणि घरात आईला! ती म्हणायची, "दोन लिटर दूध घेऊन या." अण्णा विचारणार, "दोन, की दोन पूर्णांक शून्य?" आई म्हणायची, "तुम्ही आधी आणा तर खरं, शून्याचं मी बघते."

कमाटीबागेत त्या मोठ्या वडाखाली आपल्याला उभं करून अण्णांनी विचारलं होतं, झाडाला पानं किती असतील? "शून्यं मोजत बसू नका, दहाचा कितवा घात ते सांगा." तू म्हणालास पाचवा, मी म्हणाले सातवा. मग एका फांदीची पानं मोजायला लावली आपल्याला, रखवालदार शिट्टी वाजवेपर्यंत. परतताना शेव-उसळ खाल्ली आणि तुझं नाक तिखटाने लाल झालं. उत्तर काय आलं होतं ते मात्र मला आठवत नाही. अण्णांना विचारणार होते. विचारलं नाही.

बाकी उद्या लिहिते.

बुधवार

काल पान भरत आलं आणि मी पेन ठेवून दिलं. जुन्या आठवणी किती भराभर लिहिल्या गेल्या बघ. पुढचं लिहवत नव्हतं.

महिन्यापूर्वीची गोष्ट. मी कणीक मळत होते, बाहेर ओवीचा अभ्यास चालला होता. शिशाच्या तुकड्याची घनता काढायची होती. वस्तुमान सत्तावीस ग्रॅम, घनफळ दोन पूर्णांक तीन घनसेंटिमीटर. ओवीने कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि वाचून दाखवला, "अकरा पूर्णांक सात, तीन, नऊ, एक, तीन. आजोबा, किती ठेवू?"

अण्णा म्हणाले, "जेवढे दिसतात तेवढे लिही."

माझा हात परातीतच थांबला. मला वाटलं, चेष्टा करताहेत, आता हसतील आणि म्हणतील, "बारा लिही, बारा." मी वाट बघत राहिले. ओवीसुद्धा थांबली असावी, कारण तिने हळूच विचारलं, "पण आजोबा, दोनच आकडे ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?" अण्णा म्हणाले. "मशीन सांगतंय ते खोटं कशाला असेल?"

मी कणकेचे हात घेऊन बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं रे. थकवा नाही, चिडचिड नाही. ओवीने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप सगळे आकडे लिहून घेतले. पोरगी शहाणी आहे. रोज येते अजून. शिकायचं ती कॉलेजात शिकते, इथे अण्णांसाठी येते.

खरं तर आधीही झालं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला भाजीवाल्याच्या लारीवरून भाजी आणतो म्हणून अण्णा गेले ते थेट नागरवाड्यात, आपल्या जुन्या घराच्या दारात. तिथे आता दुसरे लोक राहतात. त्यांनी पाणी दिलं, आमचा पत्ता खिशातल्या कागदावरून वाचला आणि रिक्षात बसवून पाठवलं. तेव्हा मी मनाची समजूत घातली, सवयीने पाय वळले असतील. घनतेच्या दिवसानंतर मात्र समजूत घालता येईना. हे स्कूटरवर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, मी रिक्षाने मागून गेले. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, डोक्याचे फोटो काढले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कांचनबेन, हे हळूहळू वाढत जाणार." मी विचारलं, आम्हाला कधीपर्यंत ओळखतील? म्हणाले, "ए तो कोई चोक्कस ना कही शके, बेन." नक्की कोणालाच सांगता येत नाही म्हणे.

फोनवर तुला कळत नाही, कारण तीन-चार मिनिटं ते छान बोलतात. थंडी किती, जेवलास का, गाडी सावकाश चालव. तुझा फोन ठेवला की विचारतात, "कोणाचा होता?"

आणि गेल्या शुक्रवारी संध्याकाळी फाटकापाशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून.

"कोणाची वाट बघताय, अण्णा?"

"तन्मय येतोय."

"तो शिकागोला असतो ना?"

"मला माहीत आहे," जरा रागावूनच म्हणाले. "तेरा किलोमीटर. पादरा गावाच्या अलीकडेच. स्कूटरवर असा किती वेळ लागतो?"

तू गेलास त्या आठवड्यात त्यांनी पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून अंतर काढलं होतं. येईल त्याला सांगायचे, "एक पूर्णांक तीन गुणिले दहाचा चौथा घात किलोमीटर." तेरा हजार म्हणायचे नाहीत. म्हणायचे, दोऱ्याने मोजलंय, खात्रीचे आकडे दोनच. ते दोन आकडे अजून पक्के आहेत, तन्मय. घात तेवढा गेला.

मी त्यांना खोटं पाडलं नाही. "येईल," म्हणाले आणि मीही पायरीवर बसले. रस्त्यावरून स्कूटर गेली की अण्णा मान वळवायचे. अंधार पडल्यावर हे आले, त्यांनी अण्णांना हाताला धरून आत नेलं.

तू म्हणशील, आधी का नाही कळवलं. तुझी नोकरी नवी, व्हिसाचं मधेच लटकलेलं, धाकटीच्या शाळेचं पाहायचं. तुला इतक्या लांब काळजी कशाला, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं. कागदावर लिहिलं की ते खरं होईल, याची मला भीती वाटत होती.

आई गेली तेव्हा तू पोचू शकला नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. तू पैसे पाठवू का विचारशील, मुंबईत चांगल्या डॉक्टरांना दाखवू या का विचारशील. ते सगळं हे बघताहेत, त्यात कमी नाही.

तुझी वाट अण्णा बघतात, हे खरं. उद्या कदाचित बघणार नाहीत. पण मीही बघते आहे. आपल्या लहानपणीच्या अण्णांना ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. ते माझ्या डोळ्यांसमोर थोडे थोडे जाताहेत आणि मला हे एकटीला बघवत नाही. डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस. दिवाळीला ये.

मोठी असून तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागणारी,
कांचनताई