आंब नसलेली भाजी

नांदेड

प्रिय शिवकन्या,

शिरूरहून तू धाडलेली हरभऱ्याची वाळकी भाजी पोचली. तिच्याबद्दल शेवटी बोलते, आधी माझा संताप ऐक. इथे कृषी महाविद्यालयात झाडांच्या प्रतिकारशक्तीवर व्याख्यान होतं. पाहुणे पुढच्या रांगेत डुलक्या घेत होते आणि मी प्रश्नाला उठले, तर म्हणे मॅडम, वेळ संपली. निवृत्त बाईला हार सगळे घालतात, उत्तर कोणी देत नाही. मी व्याख्यात्यांना जिन्यातच अडवलं.

आपण हरभऱ्याचे शेंडे खुडतो, अळीही पानं कुरतडते. झाडाला दोन्ही सारखंच का? ते खुललेच. म्हणाले, पेशींवर पहारेकरी असतात, अळीची लाळ लागली की ते ओळखतात, हा माणसाचा हात नव्हे. निरोप पानापानांतून धावतो. न चावलेली पानंसुद्धा अळीला पचणार नाही असा रस करू लागतात. जखमेतून वास सुटतो, त्यावरून शेजारचं झाडही सावध होऊ शकतं. ना नाक, ना मेंदू! आणि आपल्याला शाळेत सिस्टर काय शिकवायच्या, दुखलं तरी ओठ मिटून सोसा. हरभरा आपल्या वर्गात असता तर रोज बाकावर उभा राहिला असता.

घरी येऊन गच्चीतल्या कुंडीत सापडलेली अळी मी न चिरडता खाऊ दिली, भिंग घेऊन बघत बसले. दिसलं काहीच नाही. वाजिद म्हणाले, बेगम, आता झाडाची नाडी बघून राहिलात का?

आता भाजी. शेंडे धुतले की पानांवरची आंब, तो आंबट ओलावा जातो, म्हणून तू माझ्या अम्मीलासुद्धा दटावलं होतंस. यंदाची भाजी शिजवली, तर सपक. म्हणजे धुतलेली, म्हणजे तुझ्या हातची नव्हे. मी तुझ्या सुनेला फोन लावला. सुकन्या आधी टाळत होती, मग म्हणाली, "मावशी, सासूबाईंचा हात वर होत न्हाई. काखेत गाठ हाय. हरभरा निघाल्यावर बघू म्हणत्यात, कुणाला सांगू नको म्हणत्यात."

सोमवारी सकाळी मी येते आहे. लातूरच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. गाठ साधी असेल, नसेलही. ते तू ठरवायचं नाहीस. आवरून बस. आणि सुकन्याला बोलू नकोस. तिने शेंडे धुतले नसते, तर मला कळलंच नसतं.

तुझीच, अजून चिडलेली,
बिलकीस