दोन आणि पाच दहा

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

त्या क्लासवाल्या सराचं डोकं फिरलंय. लॉग दोन अधिक लॉग पाच, उत्तर म्हणे लॉग दहा! दोन आणि पाच सात होतात, एवढं मला चौथी नापासालाही कळतं. नातीला दटावून सात लिहायला लावलं. ती म्हणाली, "आजा, लॉगची बेरीज केली का आतल्या आकड्यांचा गुणाकार व्हतो. तुमाला नाय कलायचं." मोबाइलवर ती बेरीज आणि लॉग दहा, दोन्ही करून दाखवलं, दोन्हीकडे उत्तर एकच आलं. मोबाइलसुद्धा त्या सराच्याच वळणाचा! उद्या तिची परीक्षा. माझं सात तिच्या डोक्यात राहिलं तर? पाचवीपासून गणिताला माझ्याजवळ बसायची. आज सात खोडून आतल्या खोलीत गेली, कडी लावली. दोन आणि पाच दहा म्हणे. बरं, दहा. पण कडी कशाला लावायची?