दर सात सेकंदांनी

४ नोव्हेंबर २०२४
नागपूर आवडलं. धरमपेठेत इंदुताईंच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. स्वतंत्र जिना, मोठी खिडकी. जतहून आणलेलं सामान दोन पिशव्यांचं, तासाभरात लागलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी स्वतःची किल्ली. नोकरी सदरमध्ये, मेश्राम सरांच्या दवाखान्यात. सर लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर. मी ईईजी काढणार: मुलांच्या डोक्याला पेस्टने तारा चिकटवायच्या आणि मेंदूतल्या लहरी संगणकावर उमटताना बघत बसायचं. इंदुताईंनी तर्रीपोहे दिले. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा घेतले.

१३ नोव्हेंबर
आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना आधी साधा ताप आलेला असतो, नाहीतर घसा दुखलेला. आई-वडील विसरूनही गेलेले असतात. सर म्हणतात, आलेख नंतर बघ, आधी आई काय सांगते ते ऐक. दिवसभर गजबज असते. खोलीवर मात्र कोणी नाही. इंदुताई लेकाकडे पुण्याला गेल्या, सहा महिन्यांसाठी. जतला मामीला फोन केला की ती जेवलीस का विचारते आणि ठेवते. म्हणून ही वही.

२६ नोव्हेंबर
कुहीहून पायल आली. नऊ वर्षांची, सोबत आई गोपिकाताई. वर्गात हुशार असलेल्या या मुलीला दिवाळीपासून साधी बेरीज येईना. हातातलं ताट पडतं, मान मध्येच झुकते. शाळेत म्हणाले, नाटक करते. एका डॉक्टरने मनाचा आजार लिहून दिला. गोपिकाताई मला म्हणाल्या, "माझी पोरगी काहून मुद्दाम ताट पाडन, मॅडम? तिले भूक लागते ना."

तारा लावल्या. आलेख बरा चालला होता. एकदम सगळ्या रेघा मिळून उसळल्या, त्याच क्षणी पायलची मान झुकली. मग शांत. मग पुन्हा तेच. वेळ मोजली. सात सेकंद. पुन्हा सात. मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, हिला गोवर कधी आला होता?

"आठ महिन्यांची होती," गोपिकाताई म्हणाल्या. "चार दिवसांत बरी झाली."

३ डिसेंबर
पायलच्या पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. सरांना वाटलं तेच. गोवर बरा होतो, पण एखाद्याच मुलाच्या मेंदूत त्याचा विषाणू राहून जातो. वर्षानुवर्षं गप्प. मग जागा होतो. औषधांनी वेग कमी होतो, तोही कधी कधी. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. गोपिकाताईंनी माझे दोन्ही हात धरले. आजार सापडला म्हणजे पोरगी बरी होणार, असं त्यांना वाटलं. मी त्यांना औषधांच्या वेळा समजावल्या. खरं सांगायला हवं होतं.

२९ डिसेंबर, रविवार
दवाखाना बंद. नवीन तारा आल्यात, त्या सोमवारच्या आत तपासायच्या होत्या. कोणी नव्हतं म्हणून माझ्याच डोक्याला लावल्या. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं.

रेघा उसळल्या.

तारा खराब असतील म्हणून जुन्या लावल्या. पुन्हा उसळल्या. त्याच क्षणी माझा उजवा खांदा उडाला. महिनाभर हातातून पेस्टची ट्यूब पडते, ते मी थंडीवर ढकलत होते. मोजलं. नऊ सेकंद. नऊ. नऊ.

३० डिसेंबर
मामीला विचारलं, मला गोवर आला होता का. म्हणाली, "तू आमच्याकडे आलीस ती दोन वर्षांची. त्याच्या आधीचं तुझ्या आईलाच ठाऊक." आई नाही. बाबा नाहीत. मी तान्ही असताना मला पाहिलेलं कोणीच उरलं नाही.

१४ जानेवारी २०२५
माझ्या पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. पायलसारखाच. सरांनी दार लावून घेतलं. मुलांचा आजार, पण माझ्या वयातही क्वचित होतो, म्हणाले. मामा म्हणाला, डॉक्टर तिथे आहेत, तू तिथेच राहा. बाहेर पोरं पतंगासाठी ओरडत होती.

२० फेब्रुवारी
आठ सेकंद. कामावर येऊ नको म्हणाले सर. पायऱ्या उतरताना पडले. बेरजा करून पाहते रोज. सत्तावीस आणि पंधरा. आज बोटांवर केली.

९ मार्च
वॉर्डात. वहीत रेघ दिसली की हात उडाला — असं समजायचं. पलीकडच्या खोलीत पायल आहे. ती आता बोलत नाही. डोळे उघडे असतात. माझ्याकडे कोणी — येत नाही. सर येतात.

मार्च, तारीख विचारायची राहिली
सात.

शब्द सापडत नाहीत. पाणी हवं होतं. पाणी हा शब्द — नव्हता. सिस्टरने चादर आणली. आत मला सगळं कळत होतं. आत मी ओरडत होते. बाहेर — काही नाही.

दुपार
गोपिकाताई आल्या. स्टुलावर बसल्या, माझे केस विंचरले. मग म्हणाल्या, "सर म्हणतात पायलले काही समजत नाही. तुले तोच आजार हाये ना वं? मंग सांग. ती आत हाये का? का मी रिकाम्या खाटेशी — बोलून राहिली?"

तोंडातून आवाज नुसता. त्या थांबल्या. मी वही — मागितली. बोटाने दाखवली. त्यांनी पेन माझ्या मुठीत धरून — ठेवलाय. वाट बघतायत.

लवकर लिहायला हवं. सात सेकंदांत जेवढं —

गोपिकाताई. खोटं नाही लिहीत. पायल —

पुन्हा. पायलला तुमचा आवाज —

गोपिकाताई, ती आत —