तेरा कापले, बारा लागले

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४. सकाळी दव गोठलं होतं. औषधं घेतली, अंगणातली पानं ओढली. बारा वाजता शेजारचा मर्ल हॉस्टेटलर आणि टपाल वाटणाऱ्या डोलोरेस क्लाइन साक्षीसाठी आले.

मी, विल्मर गिंगरिच, वय ७८, निवृत्त भूमापक, राहणार बेल फोर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या समजुतीने करतो आहे. स्मरणशक्ती ठीक आहे. कलम चार वाचून ती जरा जास्तच ठीक आहे असं वाटेल.

१. घर आणि बँकेतली शिल्लक भाची नॅडीन हिला. स्वयंपाकघरातला खालचा खण आधी वर उचलायचा, मग ओढायचा. लाथ मारून तो उघडत नाही.

२. मोजणीची पोलादी फीत मर्लला द्यायची होती. साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असं कळलं. "मग मी फुकट सही करू होय रे, म्हाताऱ्या?" असं तो म्हणाला. करतो आहे. फीतही नॅडीनला.

३. माझी पत्नी आर्डिथ मार्चमध्ये वारली. तिने अमेरिकेच्या इतिहासावर तळहाताएवढ्या एकोणीस गोधड्या शिवल्या. तुकडे मी कापायचो, फुटाला एक इंच या प्रमाणात. त्यातल्या घरात असलेल्या अठरा गोधड्या गावच्या इतिहास मंडळाला द्याव्यात. धुऊ नयेत.

४. एकोणिसावी मंडळात आधीच आहे, ज्यांतून अमेरिका झाली त्या तेरा वसाहतींची. तिच्यावर वसाहतीमागे एक असे मसुराएवढे तारे हवेत, आहेत बारा. १९९५ साली आर्डिथने विचारलं होतं, "विल्मर, एक कमी दिलास का रे?" मी म्हणालो, "मी तेरा कापले. तुझंच मोजणं चुकलं." पुढे चर्चच्या जेवणांत हे मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितलं. लोक हसायचे. ती बटाटे वाढत राहायची.

मंडळाच्या लोर्ना प्रुइट शाळेच्या मुलांना सांगतात की, राज्यघटना लिहायला तेरांपैकी र्‍होड आयलंडचे लोक आलेच नाहीत, म्हणून त्यांचा तारा वगळला आहे. आर्डिथचं र्‍होड आयलंडशी काही वाकडं नव्हतं. मे महिन्यात तेरावा तारा मला सापडला. माझ्याच त्या सालच्या मोजणीच्या वहीत, पानाला चिकटलेला.

तरी माझ्या पश्चात गोधडीखालची पाटी बदलून असं लिहावं: "शिवणारीने बरोबर मोजलं होतं. तारा नवऱ्याने हरवला."

इथे वाचता वाचता डोलोरेस थांबल्या. "हे पश्चात कशाला?"

"तेव्हा सोपं जाईल," मी म्हणालो.

"जाईलच की!" मर्ल म्हणाला. "तेव्हा तुला कोण हसणार?"

"ती समोर असताना चारचौघांत हसवलंत ना लोकांना? मग चारचौघांत सांगा," डोलोरेस म्हणाल्या. "आज तीन वाजता चौथीची मुलं येणार आहेत मंडळात."

कलम चार रेघ मारून रद्द. रेघेशेजारी तिघांच्या छोट्या सह्या आहेत. बाकी कलमं कायम.

सही: विल्मर गिंगरिच
आमच्यासमोर सही केली: मर्ल हॉस्टेटलर, डोलोरेस क्लाइन
बेल फोर्ड, ओहायो. वरील तारीख.

ता. क. साक्षीदार गेले. दोन वाजले आहेत. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कॉलर नीट बसली नाही, म्हणून पाणी मारून पुन्हा केली.