शेळगावच्या रस्त्याला पाय न लावता

पिंपळी, ता. बारामती
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९५७

शेळगावचे थोरले साडू रामहरीराव यांना पिंपळीचा धाकटा साडू हिंदुराव याचा वाकून रामराम. तीन वर्षांनी पत्र येतंय, तेव्हा आधी तुम्ही पाकिटामागचं नाव वाचलं असेल आणि मग ते फोडावं की चुलीत घालावं याचा विचार केला असेल. फोडलंत, उपकार झाले. इकडे मी आणि चंद्रा दोघं खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? (गुडघ्याचं मला कुणी सांगितलं ते विचारू नका. बारामतीच्या बाजारात माणूस कानात बोळे घालून हिंडत नाही.) फुलाक्कांची आणि लेक विजयमालेची, तिच्या सासरची खुशाली कळवावी. आमच्या वांग्यावर यंदा कीड फार. तुमचा कांदा कसा आहे?

पत्राचं कारण म्हणजे मी एक होडी घेतली. एका माणसाची, हलकी, दिवसभरात जाऊन पोचता येईल अशी. पिंपळीत राहून माळवं पिकवणाऱ्या माणसाला होडी कशाला, असं तुम्ही म्हणाल. सगळं गाव तेच म्हणतंय. म्हणून जरा मागल्यापासून सांगायला लागतो, कंटाळू नका.

विजयमालेच्या लग्नात मानाचे फेटे बांधले जात होते, ते तुम्ही विसरला नसाल. फेटे माझ्या आधीच्या माणसापर्यंत पुरले आणि माझ्यापाशी येऊन संपले. माझ्या हातात टॉवेल-टोपी पडली. आधीचा माणूस म्हणजे बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा. (तो त्या रांगेत चुकून उभा राहिला होता, हे मला पुढे कळलं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता आणि मी फार बोलून बसलो होतो.) भर मांडवात मी ओरडलो, "ह्या शेळगावच्या रस्त्याला ह्या जन्मात पाय लावणार न्हाय!" आणि चंद्राला पंगतीतून उठवलं. तिने पहिला घास कालवलेला होता. आमची गाडी वेशीपाशी पोचली तशी फुलाक्का मागून पळत आल्या, फडक्यात पुऱ्या बांधून. म्हणाल्या, "पाव्हणं, उपाशी जाऊ नगा." मी बैलांना चाबूक ओढला. बोललो तेव्हा मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? साधारण पिंपळी येईपर्यंत बरं वाटत होतं. त्यानंतर आजपर्यंत एक दिवस वाटलेलं नाही.

तुम्ही शपथ घेतली नव्हती, चंद्राने घेतली नव्हती, फुलाक्कांनी तर नव्हतीच. शपथ माझ्या एकट्याची आणि तिच्यापायी दोन सख्ख्या बहिणी तीन वर्षं एकमेकींना दिसल्या नाहीत. चंद्राने तोंडाने कधी जायचं नाव काढलं नाही. दिवाळीला मात्र ती करंज्या दोन डब्यांत भरायची आणि एक डबा तसाच फळीवर राहायचा. संक्रांतीपर्यंत त्या करंज्या मीच खात असे आणि त्या मला गोड लागत नसत.

तर एक दिवस मी कालव्याच्या मोठ्या पाटाच्या कडेला वांगी धूत होतो. एक वांगं हातातून सुटलं आणि डुलत डुलत इंदापूरच्या दिशेला निघालं. मला वाटलं, हे उद्यापर्यंत शेळगावच्या शिवारात पोचेल, आणि त्याला कुणी शपथ विचारणार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी शपथ घेतली ती रस्त्याची. पाण्याची घेतलेली नाही. पाट आमच्या मळ्यावरून निघून तुमच्या मळ्यावरून जातो. एसटीने आलो असतो तर स्टँडवरच्या चौघांनी "कुठं निघाला?" विचारलं असतं आणि तोंडघशी पडलो असतो. पाटाने आलो तर पाटातून तुमच्या रानाला फुटलेल्या चारीच्या तोंडाशी उतरायचं, पाच पावलं तुमच्याच बांधावरून, आणि दारात. रस्त्याला पाय नाही, शपथेला धक्का नाही. (मी सातवी पास आहे, त्याचा उपयोग हा असा होतो.)

म्हणून होडी. ती एकट्याचीच हवी होती, कारण सोबती घेतला की गाव घेतल्यासारखं. हलकीही हवी होती, कारण पाटाला जागोजागी दारं आणि धबधबे, तिथे ती एकट्याने खांद्यावर टाकून पुढे न्यायची. आधी जयवंताच्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची जुनी काहील बघितली. काहील बुडत नाही हे खरं, पण ती गोल. गोल वस्तूला पुढे जायचं म्हणजे काय ते समजत नाही. एका जागी सात गिरक्या घेतल्या आणि गूळ न खाता मला ओकारी आली. शिवाय उचलायला चार माणसं. मग भीमेकाठच्या मासे धरणाऱ्या मानसिंगकडे गेलो. त्याची होडी चांगली लांबरुंद, लाकडाची. मी म्हणालो, खांद्यावर घेऊन बघू का? तो म्हणाला, "पाव्हणं, व्हडीत मानसानं बसायचं असतंय, व्हडीनं मानसावर न्हाय." तिथून उठलो.

शेवटी पुण्याला, लढाईतलं उरलंसुरलं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराकडे घडीची होडी मिळाली. आत लाकडाच्या फासळ्या, वरून रबर लावलेलं ताडपत्रीचं कातडं, दोन्ही टोकं निमुळती. माणसाने आत पाय लांब करून कमरेपर्यंत बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने एकदा इकडे, एकदा तिकडे पाणी मारायचं. वजन पाऊण मण. आता मला बैल घ्यायची सवय, होडी घ्यायची नाही. मी तिच्या बरगड्या चाचपल्या, कातड्यावर कुठे वाईट भोवरा आहे का बघितला, पाठीवर थाप मारली. दात बघावेत तर तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेच कळेना. सौद्यासाठी बैलबाजारासारखा उपरण्याखाली हात पुढे केला तर दुकानदार दचकून मागे सरला. पण माणूस सरळ होता. म्हणाला, लांब होडी नाकासमोर पळते पण वळत नाही, रुंद होडी डुलत नाही पण पळतही नाही, हलकी खांद्याला बरी पण वाऱ्याचं ऐकते. सगळे गुण एकीत मिळणार नाहीत, तुम्हाला काय पाहिजे ते ठरवा. मी हलकी आणि अरुंद निवडली. चंद्रा म्हणते, स्वभावाला धरून निवडली.

त्याच्याकडे दोन माणसांचीही एक होती. जास्त स्थिर, बसायला ऐसपैस, वजनाने थोडीच अधिक. मी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. घरी आल्यावर चंद्राने विचारलं, "दोन मानसांची न्हवती व्हय?" मी म्हणालो, "व्हती." ती म्हशीची धार काढायला गेली. ही होडी कुठे जाण्यासाठी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं आणि तिला ते कळायचं राहिलं नव्हतं. त्या धारेचा आवाज मी ओट्यावर बसून ऐकला. त्यावेळी उठून पुण्याला जाऊन होडी बदलून आणायला हवी होती. आणली नाही.

चालवायचा सराव पाटात केला तर लोक बघतील, म्हणून विहिरीत केला. होडी पंधरा फुटी आणि विहीर सोळा फुटी. एक फूट पुढे आणि एक फूट मागे एवढाच प्रवास. तिसऱ्या खेपेला होडी आडवी अडकली, ना पुढे ना मागे, आणि वर, मोट रिकामी होते त्या थारोळ्यापाशी, आमचा शेजारी सावळाराम वाकून बघतोय. म्हणाला, "हिंदुराव, व्हडी हिरीत कशापायी?" मी म्हणालो, "गळती बघतुया." मला दोरीने आणि होडीला मोटेच्या बैलांनी वर काढलं. संध्याकाळपर्यंत पिंपळीत प्रत्येकजण गळती बघायला येऊन गेला. मी सगळ्यांना सांगितलं की बारामतीच्या बाजाराला माळवं न्यायला घेतली आहे. सावळाराम म्हणाला, "बारामती तर वरच्या अंगाला हाय. पानी खाली जातं." या माणसाला मी वीस वर्षं बावळट समजत आलो होतो.

गेल्या सोमवारी दिवस उगवायला निघालो. डोक्याला तुमच्या मांडवातला टॉवेल बांधला होता. (टोपी पेटीत होती.) पहिले आठ मैल फार सुखाचे. पाटाला रबरी नळ्या लावून चोरून पाणी घेणारे लोक मला सरकारी साहेब समजून पटापट नळ्या ओढून घेत होते आणि नमस्कार घालत होते. एवढा मान मला कुठल्याच मांडवात मिळाला नव्हता. पण पुढे पूल ठेंगणे लागले. खालून जायचं तर वल्हं पोटाशी धरून उताणं पडावं लागे. ऊन चढलेलं, म्हणून मी टॉवेल तोंडावर ओढून घेई. आता पुलावरून खाली बघणाऱ्याला काय दिसलं असेल याचा तुम्हीच विचार करा. हात छातीवर, तोंड झाकलेलं, माणूस शांतपणे वाहत चाललाय. एकाने पाटाची दारं सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला सांगितलं, पाटकऱ्याने चौकीवर, चौकीवरून फोन वर गेला. मयत हाती लागावं म्हणून भल्या माणसांनी वरचं दार टाकून पाणी तोडलं.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, मागाहून कळलं. दुपार टळून गेली, शेळगावच्या बाभळी दिसायला लागल्या आणि पाटाचं पाणी उतरायला लागलं. घोट्याएवढं झालं, बोटाएवढं झालं, आणि तुमच्या चारीपासून अर्ध्या फर्लांगावर होडी चिखलात बसली. पाटाच्या एका अंगाला काटेरी कुंपण आणि दुसऱ्या अंगाला शेळगावचा रस्ता. उतरावं तर रस्त्यावरच. मी होडीत बसून राहिलो, पाय लांब केलेले, वल्हं मांडीवर. तेवढ्यात तुम्ही दिसलात. गुडघ्यावर हात ठेवून वाकून चारीत बघत होता, पाणी कुठं गेलं म्हणून. केस पांढरे झालेत तुमचे. हाक मारली असती तर ऐकू आली असती. मारली नाही. हाक मारायला पाय लागत नाहीत, हे मला घरी आल्यावर सुचलं.

थोड्या वेळाने तुम्ही लंगडत निघून गेलात. मीही परत आलो. एवढंच सांगायचं होतं. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला निरगुडीचा शेक द्यावा.

आपला,
हिंदुराव

ता. क. त्या दिवशी तुमची पाण्याची पाळी होती आणि पाणी तुटलं, ते माझ्यामुळे तुटलं. कांद्याला ओढ बसली असेल. पाटकऱ्याला शिव्या दिल्या असतील तर त्या माझ्या नावावर घ्याव्यात. होडी तिथेच आडव्या बाभळीला बांधून ठेवली आहे. शेळ्यांपासून जपा, ताडपत्री त्यांना आवडते असं दिसतं.

ता. क. दुसरा. मला कुणी बघितलं नाही असं वरती समजेल, ते खरं नाही. तुम्ही गेल्यावर तुमची भाकरी घेऊन फुलाक्का तुम्हाला शोधत पाटाच्या कडेने येत होत्या. मला बघून थांबल्या. मांडवातलं काही काढलं नाही. म्हणाल्या, "उतरा की." मी म्हणालो, "शपथ हाय." त्यांनी लुगडं वर खोचलं, चिखलात उतरल्या, फडक्यातली अर्धी भाकरी आणि चटणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "शपथ तुमच्या पायाची हाय, तोंडाची न्हाय. खावा." मी खाल्ली. फार रडलो, रामहरीराव, आणि खात राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं, "चंद्री कशी हाय?" मग फडकं माझ्यापाशीच टाकून, उरलेली भाकरी पदरात घेऊन गेल्या. तुम्हाला सांगू नका म्हणून मीच गळ घातली होती, तेव्हा त्यांना बोलू नका. त्या दिवशी भाकरी कमी का आली, त्याचं कारण मी. आणि एसटी धरायला मला शेवटी शेळगावच्या रस्त्यानेच चालत जावं लागलं. म्हणजे शपथ मोडलीच. तुमच्या दारी यायला मोडली असती तर काही वाटलं नसतं. मी ती तुमच्या दारापासून लांब जायला मोडली.

ता. क. तिसरा. फडकं चंद्राने ओळखलं. त्याच्या काठाला दोघींच्या आईने शिकवलेला टाका आहे. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली, मग धुऊन वाळवलं. रिकामं फडकं माघारी द्यायची आपल्यात रीत नाही, म्हणून तिने त्यात करंज्या बांधल्या आहेत. दिवाळीच्या नव्हेत, काल मुद्दाम केल्या. बुधवारच्या एसटीने आम्ही दोघं येतो आहोत, रस्त्याने, चालत. नको असेल तर मंगळवारपर्यंत निरोप धाडा. माझ्यासाठी फेटा काढून ठेवू नका. पेटीतली ती टोपी मी आज पहिल्यांदा डोक्याला घालून बघितली. बरोबर बसते.